उजेडाची बेरीज

ता. ३ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पार्सल परवा पोचलं. पोस्टमनने ते फाटकावरून आत भिरकावलं, म्हणून मी त्याच्या सायकलीला लाथ घातली आणि चाकाच्या तीन तारा वाकवल्या. काकू म्हणते, आधी पार्सल उघडून काही मोडलंय का ते बघायचं आणि मग लाथ घालायची. काही मोडलं नव्हतं. पण मोडलं असतं तर?

यंत्र झकास आहे. काट्याची डबी दाराशी खिळ्याला टांगली. लांब वायरीच्या टोकाचा तो पांढरा बटणासारखा डोळा तू लिहिलंस तसा काचघराच्या मधोमध, कुंड्यांमध्ये, पानांच्या उंचीवर काठीला बसवला. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर तासाला काटा बघतो, आकडा मांडतो आणि शेवटी बेरीज करतो. चाळीस वर्षं मी आभाळाकडे बघून आज ऊन बरं आहे एवढंच म्हणत आलो. आता कळलं की आजचं ऊन एकशे चौदा आहे. बिगोनियाला शंभर ते एकशेवीस लागतं, कमी पडलं तर रोपं लांबुडकी होऊन माना टाकतात आणि जास्त झालं तर पानं भाजतात, हे तुझं वाक्य मी खडूने दारावरच लिहून ठेवलंय.

डोळ्याला पाणी लागू देऊ नका, जिवापाड जपा, असंही तू लिहिलंस. तुला काका माहीत आहे. माझा रेडिओ बारा वर्षं प्लॅस्टिकच्या आत वाजतोय. काकूने एक स्वच्छ पिशवी कापून, मेणबत्तीवर कडा चिकटवून डोळ्याला झबलं केलंय. वरून फवारा चालू असला तरी आत थेंब जायचा नाही.

जूनमध्ये त्या मोठ्या हॉटेलाचं उद्घाटन आहे. चार हजार कुंड्या हव्यात, सगळ्या एका उंचीच्या, सगळ्या फुललेल्या. हे साधलं तर काचघर चालू राहील. नाही साधलं तर माझं वय आणि गुडघे बघता हे शेवटचंच.

आता तुझ्या बापाविषयी. पूर्वेच्या कुंपणाला लागून त्याने लाकडं वाळवायला वखार उभी करायला घेतली आहे. पंधरा फूट उंच. मला विचारलं नाही. मी जाऊन म्हटलं की माझा उजेड अडेल, खाली घे. विनंती केली नाही हे कबूल, पण धाकट्या भावाला कोण विनंती करतं? तो रंधा मारत राहिला, मान वर केली नाही. मी त्याचा रंधा उचलून विहिरीत टाकला. त्याने माझी कॉलर धरून मला भुशाच्या ढिगात लोटलं. या वयात नाकातोंडात भुसा गेला. बाकी सर्व क्षेम.

तिकडची हवा कशी आहे ते कळव. रागावू नकोस, आणि रागावलीस तर पत्रातून रागाव.

तुझा काका


ता. ११ फेब्रुवारी

ती. काका व ती. सौ. काकू यांस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. डोळ्याला झबलं घातल्याचं वाचून मी एवढी हसले की आमच्या केंद्रातल्या सगळ्यांना ते मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. इथेही मी दिवसभर हेच करते. रोपांच्या सहा खोल्या, सहा वेगळे उजेड, आणि मी वही घेऊन एकीतून दुसरीत. तुम्ही मला मोजपट्टी म्हणता, त्याचाच मला पगार मिळतो असं साहेब म्हणतात.

आता जे लिहिते त्यावर हसू नका. मोजायची सवय मला कधी लागली, तुम्हाला आठवतं? आई गेली त्या आठवड्यात तुम्ही आणि बाबा जिन्यात भांडलात आणि एकमेकांना धरून खाली कोसळलात. बाबांची बरगडी मोडली, तुमचा दात पडला. मी अकरा वर्षांची होते. खाली यायची छाती झाली नाही म्हणून वर बसून पायऱ्या मोजत राहिले. सतरा आहेत. कोणीतरी उठेल तोवर मोजायचं, एवढंच डोक्यात होतं.

काका, तुम्ही दोघं आजवर भांडून पुन्हा एका ताटात जेवलात, म्हणून सगळ्यांना ते गमतीचं वाटतं. मला वाटत नाही. एक दिवस तुमच्यापैकी एक जण उठणार नाही, ही माझी रोजची भीती आहे. रंधा विहिरीतून काढून द्या. उजेडाचं म्हणाल तर पूर्वेची सावली सकाळचीच असते, ती फार वेळ टिकत नाही. आकडे कमी झाले तर मला कळवा. ते मी बघते. ते माझं काम आहे, मारामारीचं नाही.

बाबांना वेगळं पत्र टाकलं आहे. उत्तर येणार नाही हे माहीत आहे. पेन धरायचं म्हटलं की त्यांच्या हाताला मुंग्या येतात. काकूला सांगून तुमच्या गुडघ्यांना तेल लावून घ्या.

तुमचीच, दोन्ही घरांची,
मोजपट्टी


ता. २ मार्च

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

वि. वि. रंधा काढून दिला होता. तू सांगितलंस म्हणून. गळ टाकून दोन तास विहिरीच्या काठाशी बसलो, आणि त्याने तो माझ्या हातातून घेताना साधं हूं केलं नाही.

वखार पुरी झाली, पत्रे चढले. आणि माझ्या बेरजा बघ. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकशे चौदा. दुसऱ्या आठवड्यात एकशे एक. मग अठ्ठ्याऐंशी. परवा एकाहत्तर. आभाळ स्वच्छ, दिवस मोठा होत चाललेला, आणि माझ्या काचघरात संध्याकाळ होत चालली आहे. माझ्याच बापाच्या जमिनीवर उभा राहून माझा सख्खा भाऊ माझं ऊन चोरतोय.

मंगळवारी मी करवत घेऊन गेलो आणि वखारीचा कोपऱ्यातला खांब कापायला घेतला. अर्धा कापला तोवर तो आला. हातात हातोडी होती, पण ती त्याने खाली ठेवली, एवढं त्याच्या बाजूने सांगतो. त्याने माझी मान काखेत दाबली. मला श्वास येईना, तेव्हा मी त्याच्या दंडाला चावलो. रक्त आलं. तो मागे सरकला आणि हाताला लागली ती फळी त्याने फेकली. मी वाकलो. फळी काचघरावर गेली.

अकरा काचा. एक मोठा तुकडा काकूच्या भुवईवर बसला. ती बिचारी भांडण सोडवायला येत होती. चार टाके पडले. ती तुला लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. तुझ्या बापाने तिला स्वतः सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं, परत आणलं, माझ्या दारात उतरवलं आणि मला सांगितलं की पुन्हा खांबाला हात लावलास तर गाडून टाकीन. मी म्हटलं, खड्डा खोल खण, दोघांना पुरेल असा.

तर आता मी ठरवलं आहे. तो वखार उतरवत नाही ना? मग मी काचांवरचा चुना धुऊन टाकतो आणि आतली हिरवी जाळी काढतो. जेवढं ऊन त्याने नेलं तेवढं वरून घेतो.

घाईत लिहिलं आहे. अक्षरावरून माझा राग मोजू नकोस.

तुझा काका


ता. ९ मार्च

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

जाळी काढू नका. चुना धुऊ नका. पत्राची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं, पण हे आधी वाचा.

तुम्ही मला फक्त बेरजा पाठवता. बेरजेवरून दिवस कमी पडला एवढं कळतं, कुठल्या तासाला पडला ते कळत नाही. वखारीची सावली असेल तर सकाळचे आकडे पडलेले दिसतील आणि दुपारचे जागच्या जागी राहतील. तासाच्या आकड्यांचा तक्ता पाठवा. फेब्रुवारीतला एक स्वच्छ दिवस आणि आत्ताचा एक स्वच्छ दिवस, दोन्ही. ते हातात आल्याशिवाय काहीही हलवू नका. एकाएकी ऊन दिलं तर सावलीत वाढलेलं पान दोन दिवसांत भाजतं.

काकूच्या भुवईचं वाचून मी दुपारी खोली नंबर चारमध्ये जाऊन रडले. तुम्ही दोघं साठीच्या घरात आहात. चावलात? काका, माणसं कुत्र्याला चावू देत नाहीत आणि तुम्ही भावाला चावलात. बाबांनाही मी लिहिलं आहे की पुन्हा काही फेकलंत तर मी घरी येणं बंद करीन. तुम्हालाही तेच सांगते.

साहेबांकडे रजा मागितली होती. एप्रिलपर्यंत नाही म्हणाले. तोवर हात खिशात ठेवा. तेवढं माझ्यासाठी कराल ना?

मोजपट्टी


ता. १८ मार्च

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच चुना धुतला होता आणि जाळी उतरवली होती. झालं ते झालं. बेरीज लगेच एकशे दहावर गेली, मी काकूला नाच करून दाखवला. तो आनंद पाच दिवस टिकला. बेरीज पुन्हा खाली आली. काल शहाण्णव.

पण बेरजेचं आता राहू दे. माझी झाडं मारली जाताहेत. मधल्या रांगांमधली वरची पानं आधी पांढुरकी झाली, मग कडांना तपकिरी, मग कागदासारखी कुरकुरीत. हाताने चुरगळली तर भुगा होतो. चार हजारांतल्या हजारभर कुंड्या तरी गेल्या आणि रोज शे-दोनशे जाताहेत. ऊन जास्त झालं म्हणावं तर बेरीज शंभराच्या खाली आहे. म्हणजे ऊन नाही. मग काय?

शनिवारी सकाळी तुझा बाप कुंपणाशी दिसला. हातात डबा आणि ब्रश. वाळवीचं औषध. लाकडाला लावतो म्हणे. त्याचा वास मला माझ्या काचघरात आला, फुटलेल्या काचांतून. त्याच फुटलेल्या काचा, ज्या त्याने फोडल्या. आता सांग, वाळवी मारणारं औषध बिगोनियाला काय करील?

मी त्याला विचारलं. तो म्हणाला की तुझी झाडं तुझं तोंड रोज बघून मेली असतील. हे शब्द आहेत तुझ्या बापाचे.

लोखंडी पाइप दाराशी उभा करून ठेवला आहे. काकूने दोनदा लपवला, मी दोनदा शोधला. पुढच्या आठवड्यापर्यंत झाडं सावरली तर ठीक. नाहीतर ज्या हाताने त्याने ते औषध टाकलं तो हात मी ठेवणार नाही. मी बडबड करतो असं सगळे समजतात. तू समजू नकोस. मला आता आतून थंड वाटतं, आणि ते मला स्वतःलाही बरं वाटत नाही.

तक्ता सोबत जोडला आहे, दोन्ही दिवसांचा. तू मागितलास म्हणून. त्याने आता काय व्हायचं आहे.

काका


ता. २४ मार्च

ती. काकांस,

नमस्कार मागाहून. तुमचं पत्र आज अकरा वाजता मिळालं. तशीच धावत जाऊन तार केली. त्यात एवढंच आहे: विष नाही. ऊन जास्त. डोळ्यावरची पिशवी काढा. बाबांना हात लावू नका. तारेत मावलं नाही ते इथे लिहिते.

तक्ता बघा. फेब्रुवारीत सकाळी आठला जेवढं होतं त्याहून सहावा हिस्सा कमी आता आठला आहे. पण दुपारी बारालाही तेवढंच कमी आहे, तेही जाळी काढून. संध्याकाळी चारलाही तेवढंच कमी. वखार पूर्वेला आहे, काका. सूर्य डोक्यावर असताना तिची सावली मधल्या रांगेत कशी पडेल? सगळ्या तासांना सारखाच उजेड कोणी चोरू शकत नाही. तो यंत्राच्या डोळ्यापर्यंत पुरा पोचतच नव्हता.

तुमच्या विहिरीचं पाणी जड आहे. किटलीला आतून पांढरा थर धरतो, तो मी लहानपणी चमच्याने खरवडायची. फवाऱ्याचं तेच पाणी दिवसातून चार वेळा त्या पिशवीवर पडतंय. थर चढत गेला. डोळा मुळातच पांढरा, म्हणून पिशवी पांढरी झालेली कोणाच्या लक्षात आली नाही. बेरीज शंभर येते तेव्हा झाडांवर दोनशेच्या वर पडतंय. ती भाजताहेत. वरची पानं, मधल्या रांगा, पांढुरकी होऊन मग तपकिरी, हे सगळं उन्हाचं आहे. वाळवीच्या औषधाचं नाही.

जिवापाड जपा असं मी लिहिलं, आणि उघडा ठेवा असं लिहायला विसरले. पिशवीचं तुम्ही पहिल्याच पत्रात सांगितलं होतं. मी वाचलं आणि हसले. ज्या कामाचा मला पगार मिळतो तिथे मी हसले. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, पण तो पाइप काकूकडे द्या.

मोजपट्टी


ता. २६ मार्च

चि. मोजपट्टीस काकूचा आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घे. तुझी तार काल दुपारी चारला आली. ते काल सकाळी अकराला झालं होतं.

तुझे काका पाइप घेऊन वखारीत गेले. मी मागे धावले. भाऊजी बाकावर फळी धरून उभे होते, उजवा हात फळीवर सपाट. यांनी विचारलं की औषध कुठे कुठे टाकलंस. भाऊजी म्हणाले, वेड्यांना मी उत्तर देत नाही. मान वर केली नाही. त्यांची ती सवय तुला माहीत आहे. त्यांनी मान वर केली असती तर पाइप दिसला असता.

यांनी मारलं. पहिला घाव बोटांवर बसला. भाऊजींना हात काढता आला नाही, कारण तो फळीला चिकटल्यासारखा झाला होता. मग आणखी तीन. मी मोजत नव्हते, पण आवाज चार आले. भाऊजींनी डाव्या हाताने पटाशी उचलली आणि यांच्या मांडीत खुपसली. तरी हे थांबेनात. तेव्हा मी कोपऱ्यातली फळी घेतली आणि यांच्या पाठीत घातली, सगळा जोर लावून. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणावर हात उचलला, आणि तो नवऱ्यावर. हे खाली पडले. मग सगळीकडे भुसा लाल होता, कोणाचं कुठलं ते कळत नव्हतं.

डॉक्टरांनी भाऊजींच्या उजव्या हाताची दोन बोटं काढली, अंगठ्याशेजारची. उरलेली वळतील का ते सांगत नाहीत. पोलीस आला तेव्हा भाऊजी म्हणाले की ओंडका पडला. मांडीचं विचारलं तर हे म्हणाले की मी पटाशीवर पडलो. पोलीस मला विचारत होता आणि मी भिंतीकडे बघत होते.

तार यांनी उभ्याने वाचली. लंगडत काचघरात गेले. डोळ्यावरची पिशवी नखाने फाडली. डबीतला काटा नऊवर होता, तो चोवीसवर गेला. यांनी पिशवी परत डोळ्यावर धरली, काटा नऊवर आला. काढली, चोवीस. असं तीनदा केलं. मग खाली बसले. अजून तिथेच आहेत, जेवायला बोलावलं तर येत नाहीत.

साहेबांनी रजा दिली नाही तरी निघ. मी दोन घरांना पुरी पडत नाही.

काकू


ता. २२ एप्रिल

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद देण्याचा हक्क राहिला आहे का ते मला माहीत नाही. दिला आहे, घ्यायचा तर घे.

तू दहा दिवस इथे होतीस आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी तक्रार करत नाही. तू निघालीस त्या सकाळी जिन्यात थांबलीस आणि खाली बघत राहिलीस. मी तळाशी उभा होतो. तू काय मोजत होतीस ते मला कळलं.

यंत्र मी ठेवून घेतलं आहे. फोडणार होतो, काकूने हातातून घेतलं. म्हणाली, आता ते खरं सांगतंय तर फोडताय. जाळी लावली, चुना मारला, बेरीज आता एकशे पंधरा आहे आणि ती खरी आहे. पण हॉटेलवाल्याने मागणी काढून घेतली. चार हजारांत नऊशे कुंड्या जगल्या. त्या कुठल्या ते ऐक. पूर्वेच्या कडेच्या. वखारीला लागून असलेल्या रांगा, जिथे साडेदहापर्यंत ऊन पोचत नाही. तुझ्या बापाच्या सावलीत होत्या तेवढ्याच वाचल्या. बाकी सगळं मी माझ्या हाताने भाजलं.

हे त्याला सांगायला गेलो होतो. आणि पाइप घेऊन गेलो होतो, त्याला द्यायला. बाकावर माझा उजवा हात ठेवायचा आणि म्हणायचं की चार मोजून घाल. त्याने दार लावून घेतलं. मी दाराशी बसून राहिलो. आतून खोकल्याचा आवाज येत होता. तो सुतार आहे, पोरी. त्याला दुसरं काही येत नाही. लहानपणी मला भोवरे तोच करून द्यायचा, थोरला मी असून.

माझ्या डोक्यात राग नाही असा एक महिना आयुष्यात हा पहिलाच. त्या जागी काय ठेवायचं ते कळत नाही. उद्या परत जाईन त्याच्या दाराशी.

एखादी ओळ टाकलीस तर काकूला बरं वाटेल.

काका


ता. १४ जून

चि. बाळ हिस बाबाचा आशीर्वाद.

हे पत्र डाव्या हाताचं आहे. तीन दिवस लागले. तू लहान असताना पाटीवर असंच लिहायचीस.

हात बरा आहे. अंगठा आणि दोन बोटं आहेत. चमचा धरता येतो. हातोडी येत नाही. रंधा येत नाही.

तुझा काका सतरा दिवस दाराशी बसला. अठराव्या दिवशी मी दार उघडलं, पाऊस होता म्हणून. तो आत आला, पाइप माझ्या हातात दिला आणि बाकावर पंजा पसरला. त्याच जागी. म्हणाला, मार.

मी मारला. हे मी तुला खरं सांगतो. काकू सगळ्यांना सांगते की मी मुद्दाम नेम चुकवला. तसं नाही. डाव्या हाताला नेमच नाही. पाइप त्याच्या करंगळीपासून दोन बोटं लांब बाकावर बसला, लाकडात खाच पडली. मला लागायला हवा होता. तुझ्या काकाने हात काढला नाही, डोळेही मिटले नाहीत. परत मार म्हणाला. माझा डावा खांदा उखडल्यासारखा दुखत होता. मी पाइप खाली टाकला.

मग मी त्याला म्हटलं, हात तिथेच ठेव, पण खिळा धर. मला डाव्या हाताने शिकायचं आहे. कोणीतरी खिळा धरायला हवा.

तेव्हापासून रोज आठ ते अकरा तो येतो. मी हातोडी मारतो, तो खिळा धरतो. पहिल्या आठवड्यात त्याचा अंगठा तीनदा चेचला. नख काळं होऊन गळालं. मग दुसरं बोट. तो मला अशा शिव्या देतो की कुंपणापलीकडून लोक डोकावतात. पण हात काढत नाही. हातोडी कधी चुकते आणि कधी मी चुकू देतो, ते नेहमी माझं मलाही सांगता येत नाही. त्याला ते माहीत आहे. तो विचारत नाही.

मी तेव्हा मान वर करून बघायला हवं होतं. एवढं माझ्या बाजूचं.

वखार मी उतरवलेली नाही आणि उतरवणार नाही. तो म्हणतो उतरवू नकोस, त्याची सगळी नवी रोपं त्याने त्या बाजूला आणली आहेत. दर तासाला डबी बघायला पळतो आणि परत येतो. पिशव्यांचं म्हणशील तर रेडिओचीही काढली.

तू त्याला अजून लिहिलेलं नाहीस. लिही असं मी म्हणणार नाही. मलाही सतरा दिवस लागले.

काल एक खिळा सरळ गेला. पाच ठोक्यांत, पुरा, डोकं लाकडाला टेकेपर्यंत. तुझ्या काकाने सुजलेल्या बोटाने तो चाचपून पाहिला. डब्यातून दुसरा घेतला आणि धरला.

जास्त लिहवत नाही. अक्षर सांभाळून घे, ते सुधारेल.

बाबा